निघेल असं बसवायचं

गोल शाफ्टवर गोल भोकाचं चाक बसवायचं आहे. फिरताना ते शाफ्टवर घसरता कामा नये. डावी-उजवीकडे सरकता कामा नये. आणि चार वर्षांनी दाते झिजले की शाफ्टला ओरखडाही न येता निघालं पाहिजे. पहिल्या दोन अटी कुठलाही बरा लेथवाला पुऱ्या करून देतो. तिसरी अट कुणी धरतच नाही, कारण चाक बसवणारा आणि चार वर्षांनी ते काढणारा ही बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं असतात.

सांगलीला माझ्या मामाचं हळद पॉलिशचं छोटं युनिट आहे. तिथे ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती. मिरजेचे चाचा. साठी उलटलेली, अंगावर कायम खाकी शर्ट आणि उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंतच. एका साखर कारखान्यात गंजून बसलेलं चेनव्हील काढताना पुलरचा पाय निसटला, असं ते सांगतात. कधी सांगतात, कधी विषय बदलतात.

जुनी पद्धत अशी. दुकानातून मिळणाऱ्या चेनव्हीलला मधोमध लहान भोक असतं. ते लेथवर शाफ्टच्या मापाला वाढवायचं, मग स्लॉटिंगवर कीवे काढायचा, चावी घासून घासून बसवायची आणि वरून एक ग्रब स्क्रू चावीवर आवळायचा. बोअर शाफ्टपेक्षा पाच-सात शतांश मिलिमीटरने मोठा झाला तर चाक चावीवर डुगडुगतं. रोज हजारो वेळा तो एवढासा धक्का खाऊन कीवेच्या कडा पसरतात. बोअर नेमका किंवा किंचित लहान ठेवला तर चाक ठोकून बसवावं लागतं आणि तो प्रत्येक ठोका शेवटी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाऊन पोचतो. त्यात पाणी, धूळ, गंज. मग चार वर्षांनी चाचा गॅसची नळी लावतात, हब लालसर होईपर्यंत तापवतात आणि घण उचलतात. ऑइल सील वितळतो, शाफ्ट कधी वाकतो, आणि मध्ये कुठेतरी कुणाचं तरी बोट असतं.

याला उत्तर म्हणजे टेपर बुश. मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि पोट कोडवर भरतो. महाराष्ट्रात अशी माणसं पैशाला पासरी मिळतात. चार वर्षांच्या डिग्रीत टेपर बुश बहुधा एकदा, एका आकृतीत पाहिला असेल. हातात पहिल्यांदा आला तो त्या मार्चमध्ये.

हळद शिजवून, वाळवून आली की ती काळपट, खरबरीत आणि मुळं लोंबणारी असते. ती जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये भरून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल आणि मुळं गळून खाली पडतात आणि आतला पिवळा रंग वर येतो. लिलावात भाव ठरवताना व्यापारी आधी रंग बघतो, त्यामुळे पॉलिशला महत्त्व. शेतकरी ट्रॅक्टर भरून आणतात, क्विंटलमागे पैसे देतात आणि माल दुसऱ्या दिवशीच्या सौद्याला न्यायचा असतो. सीझन ऐन भरात आला की शेडच्या बाहेर रांग असते. वरून अवकाळीचं आभाळ भरून आलं, की रांगेतला प्रत्येक माणूस ड्रमकडे बघत उभा असतो.

त्या मार्चमध्ये पंधरा दिवसांत तीनदा चेन तुटली. भरलेला ड्रम जागेवर थांबायचा, हळद हाताने उपसून हलकी करायला लागायची, चाचा मिरजेहून यायचे, तोपर्यंत रांग शिव्या द्यायची. प्रत्येक वेळी निदान एकच: "चेन हलकी निघाली." प्रत्येक वेळी नवी चेन.

तिसऱ्या वेळी तुटलेलं टोक सुटून शेडच्या पत्र्यावर आदळलं. पत्र्याला जो पोचा पडला तो माझ्या खांद्याच्या उंचीवर होता. ड्रमखालची भुकटी लोटायला दोन बायका असतात. त्यांतली एक पाणी प्यायला गेली नसती तर तिथेच उभी असती. ती परत आली, पोच्याकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मालक, आता तरी जाळी लावा की."

जाळी होती. भिंतीला टेकून उभी होती. चेन सारखी तुटायची, प्रत्येक वेळी जाळीचे आठ बोल्ट काढा आणि परत लावा, म्हणून कधीतरी ती काढून ठेवली ती तशीच राहिली. मला वाटतं, कारखान्यांतल्या निम्म्या उघड्या चेनींची गोष्ट हीच असावी. कुणी दुष्ट नसतं. ज्या यंत्राला सारखं उघडायला लागतं त्याचं झाकण आपोआप नाहीसं होतं.

त्या दिवशी दुपारी मी ड्राइव्हची मापं लिहून घेतली. तीन हॉर्सपॉवरची मोटर, म्हणजे २.२ किलोवॉट. मिनिटाला १४४० फेरे. तीसला एक गिअरबॉक्स, म्हणजे बाहेरच्या शाफ्टला ४८ फेरे. त्यावर १३ दात्यांचं छोटं चाक, ड्रमच्या शाफ्टवर २६ दात्यांचं मोठं. चेन १२बी, म्हणजे पाऊण इंच पिचची.

बाकी सगळं फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. टॉर्क म्हणजे ९५५० गुणिले किलोवॉट भागिले फेरे. गिअरबॉक्समधली घट बाजूला ठेवली तर ४३८ न्यूटन-मीटर. आता हा पीळ चेनला किती ओढतो ते चाकाच्या त्रिज्येवर ठरतं. १३ दात्यांच्या चाकाचा पिच व्यास जेमतेम ८० मिलिमीटर, त्रिज्या ४०. म्हणजे चेनवर ११,००० न्यूटन, अकराशे किलोची ओढ. १२बी चेन नवीकोरी असताना सुमारे २९,००० न्यूटनला तुटते. ताकद ओढीच्या अडीचपटीपेक्षा थोडीच जास्त. अशा कामाला सात-आठपट तरी हवी. त्यात भरलेला ड्रम थांबलेल्या अवस्थेतून उचलायचा, तेव्हा मोटर तिच्या नेहमीच्या टॉर्कच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त जोर लावते. चेन हलकी निघाली नव्हती. एवढी ओढ सोसत पंधरा दिवसांत ती तीनदाच तुटली, याचं मला नवल वाटलं.

असं कुणी का बसवलं? कुणीच बसवलं नव्हतं. सुरुवातीला ड्रम छोटा होता आणि मोटर दोन हॉर्सपॉवरची. मग ड्रम मोठा झाला, मोटर मोठी झाली, गिअरबॉक्स बदलला; चेन आणि चाकं तीच राहिली, कारण ती "चालत होती". आमच्या धंद्यात याला लेगसी म्हणतात आणि त्यावर अख्खी करिअर होतात.

छोट्या चाकाचा आणखी एक त्रास आहे. चेन चाकावर वर्तुळात बसत नाही, बहुकोनात बसते. १३ दाते म्हणजे १३ कोनांची आकृती. ती फिरते तेव्हा चेन एकसारखी पुढे जात नाही. प्रत्येक दात्यागणिक किंचित वेगाने, किंचित सावकाश, शिवाय वर-खाली. १३ दात्यांना हा वेगातला फरक जवळजवळ तीन टक्के पडतो, १९ दात्यांना दीडच्याही खाली. कागदावर तीन टक्के काहीच नाही. ड्रमजवळ उभं राहिलं की पायाला कळतात.

मग ठरवलं ते असं. चेन १६बी, एक इंच पिच. छोटं चाक १९ दात्यांचं, मोठं ३८ चं. गुणोत्तर पूर्वीचंच, त्यामुळे ड्रमचे २४ फेरे कायम. पॉलिश कसं होतं हे मामाला पाठ आहे, त्यात हात घालायचा नव्हता. १९ दात्यांचा पिच व्यास १५४ मिलिमीटर. ओढ उतरून ५७०० न्यूटनवर आली आणि १६बीची ताकद ६०,०००. दहापट. गिअरबॉक्सच्या शाफ्टला बाजूने बसणारी ओढही निम्म्यावर आली. तिथला सील दर सीझनला का गळायचा, याचंही उत्तर बहुधा इथेच होतं.

१९च का, २० का नाही? चेनीच्या कड्या सम असाव्या लागतात, नाहीतर अर्धी कडी घालावी लागते आणि ती कमकुवत. आमच्या ९०० मिलिमीटर अंतराला हिशेब ९९.६ कड्यांचा आला, म्हणजे १००. आता दाते २० असते तर तीच कडी दर पाचव्या फेरीला त्याच दात्यावर बसली असती. एखादी कडी वाईट असेल तर ठरावीक दाते तिने खाल्ले असते. १९ आणि १०० ला सामाईक भाजक नाही. एक कडी त्याच दात्यावर परत यायला चाकाचे १०० फेरे लागतात. झीज सगळ्यांत वाटली जाते. शाळेत लसावि शिकवताना कुणी हे सांगितलं असतं तर मी तो धडा जास्त लक्ष देऊन वाचला असता.

आणि बुश. त्याचा आकडा वाचायला मजा येते. २५१७ म्हणजे जास्तीत जास्त अडीच इंचाच्या शाफ्टला चालणारा, पावणेदोन इंच लांबीचा. १६१० म्हणजे १.६ इंच शाफ्ट, एक इंच लांबी. शाफ्ट मिलिमीटरचा असला तरी बुशाचं नाव इंचातच. चेनचंही तसंच: १२बी मधले १२ म्हणजे इंचाचे सोळांश, १६बी म्हणजे सोळा सोळांश, पूर्ण इंच. अमेरिकन चेनला मात्र तोच पूर्ण इंच '८०' म्हणतात, कारण ते अष्टमांश मोजतात आणि पुढे शून्य लावतात. रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये घेतलं १८८० साली. तेव्हापासूनचा इंच मिरज रस्त्यावरच्या दुकानात अजून जिवंत आहे.

दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "बीएस का एएसए?" हा प्रश्न न विचारणाऱ्या दुकानातून चेन घेऊ नये. १६बी आणि ८० दोन्हींचा पिच एकच, रोलरचा व्यासही एकच. पण आतली रुंदी एकीची १७ मिलिमीटर, दुसरीची पावणेसोळा. ब्रिटिश चाकाचा दाता अमेरिकन चेनीत शिरत नाही. उलट केलं तर शिरतो, पण सैल बसून चेन डोलते. नजरेला दोन्ही सारख्याच दिसतात.

बुश निवडताना एक गोष्ट लक्षात आली ती आधी कुठे वाचली नव्हती. गिअरबॉक्सचा शाफ्ट ४५ मिलिमीटरचा. एवढा शाफ्ट घेणारा बुश जुन्या १३ दात्यांच्या चाकात मावलाच नसता. दात्यांच्या मुळाशी जेवढा व्यास उरतो त्यापेक्षा बुशच जाड. तिथे बोअर करून कीवे काढला तेव्हा कीवेच्या डोक्यावर हबची भिंत बोटाच्या पेराएवढीही उरली नव्हती. म्हणजे दाते, चेन, शाफ्ट आणि बुश यांतलं काहीच एकेकटं निवडता येत नाही. आधी चेनची ओढ, मग दाते, मग त्या चाकात बसणारा बुश, मग त्या बुशात शाफ्ट मावतो का ते पाहायचं. नाही मावला तर परत वर. आम्हाला दोन्हीकडे २५१७च मिळाला, एक ४५ बोअरचा आणि एक ५०चा. दोन्हींना १४ बाय ९ ची चावी.

आता पैसे. बोअर करून घेण्याच्या चाकांपेक्षा हे दुपटीहून महाग पडत होतं. मामा कोटेशन हातात धरून बराच वेळ गप्प बसला.

"दोन सीझन ओढायचेत फक्त," तो म्हणाला.

हे मला नवीन होतं. मामेभाऊ परदेशात, तो येऊन ड्रम फिरवणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण मामाने मनात तारीख धरली होती हे माहीत नव्हतं. बाजूला मोठे प्लांट उभे राहिलेत, पॉलिश, ग्रेडिंग सगळं एका छताखाली. त्यांच्याकडे शेतकऱ्याला थांबावं लागत नाही. मामाचं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांच्याकडे दहा-वीस क्विंटलच माल आहे आणि मोठ्या प्लांटमध्ये ज्यांचा नंबर शेवटी लागतो ते.

"दोन सीझनसाठी कशाला एवढं?"

मी तीन वेळा तुटण्याचा हिशेब मांडणार होतो: अर्धा-अर्धा दिवस, चेनचे पैसे, चाचांची मजुरी. "मामा, तुम्ही नुसतं एवढं बघा," म्हणून कागद काढलाही. त्याने तो बघितला नाही. पत्र्यावरच्या पोच्याकडे बघून म्हणाला, "आण."

चाचांना मात्र पटलं नव्हतं. त्यांनी बुश हातात घेऊन फिरवला. बाहेरून निमुळता, एका बाजूने आरपार चिरलेला, काठाला अर्धी अर्धी भोकं. "चिरलेलं लोखंड हाय हे. आणि बेटा, जे सुखासुखी निघतंय ते सुखासुखी सुटतंय बी."

ही शंका बावळट नाही. आयुष्यभर त्यांनी जे पक्कं बसवलं ते काढताना त्रास झाला. पक्कं आणि त्रासाचं हे नातं त्यांच्या हातांत बसलंय. टेपर बुश तेच नातं तोडतो. चाकाच्या हबलाही आतून तसाच निमुळता आकार असतो. बुश त्यात ओढला गेला की पाचरीसारखा दाबला जातो, चीर मिटू लागते आणि तो शाफ्टला चारी बाजूंनी आवळतो. ठोकून बसवलेल्या चाकासारखीच पकड, पण न ठोकता. शाफ्ट किंचित कमी मापाचा असला तरी चालतं, कारण बुश स्वतः लहान होतो.

ओढायचं काम दोन ग्रब स्क्रू करतात आणि त्यांची भोकं हीच यातली सगळ्यात हुशार गोष्ट. बुश आणि हबच्या सांध्यावर तीन भोकं. प्रत्येक अर्धं बुशात, अर्धं हबमध्ये. आटे मात्र एकाच अर्ध्यात. दोन भोकांत आटे हबच्या बाजूला आहेत, बुशाची बाजू गुळगुळीत आणि तळाशी बंद. स्क्रू हबचे आटे धरून पुढे जातो, बुशाच्या तळाला टेकतो आणि त्याला आत ढकलतो. तिसऱ्या भोकात सगळं उलट: आटे बुशात, तळ हबमध्ये. तिथे स्क्रू फिरवला की बुश बाहेर येतो. म्हणजे पुलर चाकाच्या आतच दिलेला असतो.

चाचा म्हणाले, "आधी काढून दाखव. मग बसवू."

म्हणून आम्ही जुन्या शाफ्टच्या एका तुकड्यावर चाक बसवलं. स्क्रू आवळले. चाचांनी घण घेतला आणि मन लावून ठोकलं. हललं नाही. मग मी दोन्ही स्क्रू काढले, त्यांतला एक तिसऱ्या भोकात लावला आणि एलन की फिरवत गेलो. एका क्षणी टक् असा आवाज आला आणि चाक हातात आलं. चाचांनी ते स्वतः दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा टक् झाल्यावर त्यांनी आपला हात उलटा करून त्या अर्ध्या बोटाकडे बघितलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. बोलले काही नाहीत. बिडी पेटवायला बाहेर गेले.

बसवताना भांडण झालं ते ग्रीसवरून. चाचांच्या मते लोखंड लोखंडाला भेटतं तिथे ग्रीस हवंच. इथे नको. बुशाचा निमुळता भाग, हबचं आतलं अंग, शाफ्ट आणि बोअर, सगळं कोरडं हवं. पकड घर्षणावर आहे. वंगण लावलं तर तेवढ्याच जोराने बुश जास्त आत जातो आणि हबला आतून फाकवतो. चाक तडकू शकतं. कारखान्यातून आलेल्या बुशावर गंज लागू नये म्हणून तेल असतं, तेही पुसून काढायचं. रॉकेल नको, ते स्वतःच तेलकट थर ठेवतं. आम्ही थिनर वापरला. तेल फक्त स्क्रूच्या आट्यांना, थेंबभर. चाचांनी चिंधीने शाफ्ट पुसून पुसून आरसा केला, पण चेहरा असा, की कुणाला तरी उपाशी ठेवायला सांगितलंय.

चावीची गंमत अशी, की ती कीवेच्या दोन्ही बाजूंना घट्ट हवी आणि डोक्यावर मोकळी. डोक्यावर टेकली तर बुश मिटायच्या आधीच चावीवर अडतो आणि आपल्याला वाटतं आवळला गेला. हे चाचांना एका वाक्यात कळलं. कानस काढून त्यांनी चावीचं डोकं उतरवलं, दोन मिनिटांत, मापायची गरज नाही.

चाक बेअरिंगच्या जितकं जवळ तितकं चांगलं. बुश हबमध्ये सपाट बसतो, बाहेर कॉलर येत नाही, त्यामुळे चाक अगदी आत सरकवता आलं. मग दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघायचं. त्यासाठी सरळ पट्टी लागते. एवढी लांब पट्टी नव्हती, चाचांनी गवंड्याची दोरी ताणली. मोठ्या चाकाच्या दोन्ही कडांना आणि छोट्याच्या दोन्ही कडांना दोरी टेकली पाहिजे. आवळताना हब बुशावर किंचित चढतो आणि चाक एवढंसं जागा सोडतं, म्हणून दोरी आधी आणि नंतर, दोनदा.

आवळायचं आळीपाळीने: थोडा हा स्क्रू, थोडा तो. २५१७ ला ५० न्यूटन-मीटर. एलन कीचा दांडा १५ सेंटिमीटर धरला तर टोकाला ३४ किलोचा जोर. चाचांनी सवयीने कीवर पाइप चढवला होता. तो बाजूला ठेवला आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून टॉर्क पाना मागून आणला. ठरलेला जोर आला की पाना टिक् करतो. त्यानंतर मात्र चाचांच्या मनासारखं झालं, कारण पुढची पायरी हातोडीची आहे. बुशाच्या तोंडावर लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून ठोकायचं. बुश आणखी आत बसतो, स्क्रू पुन्हा थोडे फिरतात. परत ठोका, परत आवळा, ते फिरायचे थांबेपर्यंत. "हे आधी सांगायचंस," चाचा म्हणाले.

रिकाम्या राहिलेल्या तिसऱ्या भोकात ग्रीस भरलं. इथे ग्रीस चालतं, नव्हे लागतंच, कारण हळदीची भुकटी त्यात शिरून दगड झाली तर दोन वर्षांनी स्क्रू जाणारच नाही. चाचांनी ते भोक एवढं प्रेमाने भरलं की दिवसभराची कसर निघाली.

ड्रम भरून तासभर चालवला, बंद केला आणि पुन्हा पाना लावला. चारही स्क्रू थोडे थोडे फिरले. हे अपेक्षित असतं. भाराखाली बुश बसायचा तेवढा बसतो. हा एक तास टाळला की मग पुढे लोक म्हणतात, टेपर बुश सुटतात.

हळदीच्या शेडमध्ये चेनला तेल देणं हा स्वतंत्र उपद्व्याप आहे. जास्त तेल दिलं की भुकटी चिकटून पिवळा लेप होतो आणि तो चेनीला कानशीसारखा खातो. तेल नाही दिलं तर पिना कोरड्या घासतात. मधला मार्ग म्हणजे रोज बंद झाल्यावर चेन पुसायची आणि खालच्या ढिल्या बाजूला आतून कड्यांच्या फटींत थोडं तेल. १०० कड्यांची चेन नवी असताना २५४० मिलिमीटर. ती ५० मिलिमीटरने लांबली की बदलायची. चाचांनी हा आकडा शेडच्या खांबावर खडूने लिहिला. नंतर कुणीतरी त्यावर ऑइल पेंट फिरवला, तो अजून आहे.

जाळी त्याच संध्याकाळी लागली. आठही बोल्ट. तेल द्यायला चाचांनी तिला बिजागरीची छोटी खिडकी केली, म्हणजे तेवढ्यासाठी ती काढायला नको. ती बाई दुसऱ्या दिवशी आली, जाळी हाताने हलवून बघितली आणि झाडू घेऊन कामाला लागली.

मामाने दोन सीझन म्हटलं होतं, तीन झाले. चेन तुटली नाही. तिसऱ्या मेमध्ये वसमतच्या एका माणसाने ड्रम घेतला. तिकडे हळद भरपूर आहे आणि त्याला असाच, छोट्या मालाचा ड्रम हवा होता. चाकं शाफ्टवरून उतरवायला चाचांना दहा-पंधरा मिनिटं लागली. गॅस नाही, घण नाही. शेड आता एका व्यापाऱ्याने पोत्यांसाठी भाड्याने घेतली आहे. दोघी बायका पलीकडच्या मोठ्या प्लांटवर जातात. तिथे सगळं बंदिस्त आहे म्हणे, आणि बसायला वेळ नाही.

जूनमध्ये मामाचा फोन आला. वसमतच्या माणसाने नवा गिअरबॉक्स घेतलाय, त्याचा शाफ्ट ४० मिलिमीटरचा, आपलं चाक ४५चं. तो म्हणतोय पैसे कमी करा, नवं चाक घ्यायला लागणार.

"चाक तेच ठेवायला सांगा," मी म्हटलं. "फक्त बुश बदलायचा."

मामाने फोन धरून ठेवत मागे कुणाला तरी विचारलं. मागून चाचांचा आवाज आला, "व्हय, त्येच सांगतोय मी मगापासनं."

४० बोअरचा २५१७ बुश दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने गेला.